वाटणारी

मी अर्लीन गिड्री. लुइझियानाच्या दक्षिणेला,
जिथे रस्ता भातखाचरं आणि क्रॉफिशच्या तळ्यांमधून
पाण्याची परवानगी घेत घेत जातो,
तिथे एकवीस वर्षं मी टपाल वाटते.

तीनशे बारा पेट्या.
एक बदकाच्या आकाराची, एकीला बंदुकीच्या गोळीचं भोक,
त्यातून उन्हाळ्यात गांधीलमाश्या ये-जा करतात.
हातात घेतलं की काट्याशिवाय वजन सांगते:
बियाण्यांचं सूचीपत्र, इन्सुलिन,
घटस्फोटाचे कागद, जे वाटतात त्याहून नेहमी हलके.

आणि ती पाकिटं.
पाठवणाऱ्याचं नाव नाही, फक्त दूरच्या राज्यातला पेटी क्रमांक.
आत काय आहे, मला ठाऊक नाही.
ठाऊक नसणं हा माझा आतला गणवेश,
निळ्या शर्टाखाली रोज घालायचा.

मग राज्याने कायदा केला.
त्या गोळ्या नशेच्या औषधांच्या पंगतीला बसवल्या.
लिहून देणारा गुन्हेगार, पाठवणारा गुन्हेगार,
वाटणारा गुन्हेगार.
घेणारीला काही नाही म्हणाले, तिची आम्हाला दया येते.
दयेला त्यांनी एक पोटकलम दिलं.

माझी भाची क्लोटिल बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स आहे.
बाळंतिणीचं रक्त थांबेना तर हीच गोळी
पूर्वी तिच्या हाताशी, ट्रेमध्ये असायची.
आता ती कुलपात.
रात्रपाळीला काम नसलं की मुली घड्याळ लावून धावून बघतात,
खाटेपासून कपाटापर्यंत, कपाटापासून खाटेपर्यंत.
किती लागतात, विचारलं मी.
क्लोटिल म्हणाली, मावशी, भात वाढ.

टपाल देशाचं, कायदा राज्याचा,
आणि मधल्या चिखलात माझ्या जीपची दोन चाकं.

मार्चमध्ये एकशे अठरा नंबरची लूरीन अर्सनो
सलग नऊ दिवस पेटीपाशी उभी होती.
वाट पाहणारी माणसं मला लांबूनच कळतात,
ती जीपकडे बघत नाहीत, रस्त्याकडे बघतात.
दहाव्या दिवशी तिने पाकीट घेतलं,
आणि आभार मानायच्या ऐवजी
माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली.

मे महिन्यात डेप्युटी आला. टोपी काढून, अदबीने.
एकशे अठराला तू पाकीट दिलंस?
म्हटलं, मी सगळ्यांनाच देते.
मुलीसाठी होतं ते. आईने मागवलं, आईने दिलं.
घेणारी सुटते, देणारी नाही.
तुला हातात घेताना काही वाटलं नाही?

आमच्या बोलीत हे दोन शब्द निराळे आहेत,
एक हाताचा, एक छातीचा.
मला ते कधी वेगळे ठेवता आले नाहीत.
त्याला मी म्हणाले, हलकं होतं.
त्याने ते लिहून घेतलं.

परवा न्यायालयाचा लिफाफा आला, सही घेऊन द्यायचा.
दार कोरिनने उघडलं.
वय सोळा, पायात आईचे रबरी बूट, मागे पंखा चालू,
टेबलावर एकाच माणसाची बशी.
पेन नव्हतं तिच्याकडे. माझं दिलं.
तिने पूर्ण नाव लिहिलं, मधल्या नावासकट,
परीक्षेच्या पेपरवर लिहितात तसं,
मग विचारलं, तारीख आजचीच ना?

हेही मीच वाटलं.
याला कुठलंच कलम लागत नाही.
वजन विचाराल तर सांगता येणार नाही,
एकवीस वर्षांत पहिल्यांदाच हात चुकला.

पुढच्या पेटीपाशी, त्या बदकापाशी,
थांबून खिसा चाचपला.
पेन तिच्याकडेच राहिलं होतं.
जीप वळवायला तिथे भरपूर जागा आहे.
मी वळवली नाही.